उतारावर गुदमरलेली गाडी

१

राखोलीच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, कर्णिक साहेबांची पांढरी गाडी एकाएकी बंद पडली आणि पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली. कठडा मजबूत होता म्हणून बरं. पलीकडे दमणगंगेचं पात्र होतं.

गाडीत दोघंच होते. पुढे ड्रायव्हर लखन पाडवी, मागे साहेबांची पत्नी अलकाताई. त्या खानवेलला मैत्रिणीकडे निघाल्या होत्या. लखनला कपाळावर थोडं खरचटलं. अलकाताईंचं उजवं मनगट मोडलं.

हृषीकेश कर्णिक म्हणजे राखोलीच्या धाग्याच्या कारखान्याचे जनरल मॅनेजर. मूळचे पुण्याचे, शिस्तीचे, आणि एकदा मत बनलं की ते न बदलणारे. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यांचं मत बनलं होतं. लखन टाकीतलं पेट्रोल विकतो, कमी पडलेलं रॉकेलने भरून काढतो, आणि त्यामुळेच इंजिन बंद पडलं. लखनला कामावरून काढलं. कंपनीची खोली आठवडाअखेर रिकामी करायला सांगितली. विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला की पोलिसांत तक्रार द्यायची, हेही ठरलं.

सर्व्हेअर बुधवारी वापीहून आला. म्हणजे आली. कायनेटिकवरून उतरून तिने स्कार्फ सोडला आणि डिकीतून हत्यारांची पेटी काढली, तेव्हा गेटवरच्या वॉचमनने तिला पाहुणी समजून ऑफिसकडे बोट दाखवलं.

"ऑफिस नंतर," मालती देवस्थळी म्हणाली. "आधी गाडी कुठे आहे ते दाखवा."

मालती पंचेचाळिशीची होती. पुण्यात मेकॅनिकल शिकलेली, नवऱ्याच्या बदलीने वापीला आलेली आणि मग तिथलीच झालेली. बोलायची कमी, ऐकायची जास्त. ठोकलेल्या गाड्या पाहून पाहून तिचा एक विश्वास पक्का झाला होता, की गाडीचं ऐकून घेण्याआधी माणसांचं ऐकलं तर घोटाळा होतो.

पण कर्णिकांना तिची वाट बघायची नव्हती. ते यार्डात येऊनच बोलायला लागले.

"फार वेळ घालवू नका. भेसळीचं पेट्रोल, ड्रायव्हरची लबाडी. एवढं लिहिलंत की झालं."

"कोणी तपासलं पेट्रोल?"

"वापीहून मेकॅनिक आला होता. गार इंजिन व्यवस्थित चाललं, पण प्लग काळेकुट्ट. आणि सारंगने टाकीचा वास घेतला. सारंग वर्तक, आमचा पर्चेस मॅनेजर. तो म्हणाला, रॉकेल आहे."

मालतीने टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. वर्तमानपत्राचा कोरा कोपरा फाडला, त्यावर एक थेंब टाकला आणि कागद उन्हात धरला. डिसेंबरचं ऊन होतं, तरी थेंब बघता बघता उडाला.

"बघा," ती म्हणाली. "रॉकेल असतं तर तेलकट डाग राहिला असता. कागद कोरा आहे."

कर्णिकांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"मग गाडी बंद कशाने पडली?"

"ते अजून मला माहीत नाही," मालती म्हणाली. "पण तुमच्या ड्रायव्हरने भेसळ केली नव्हती, एवढं नक्की."

२

अलकाताई बंगल्यात पलंगावर बसल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये.

"लखनने काही केलं नाही," मालती बसायच्या आतच त्या म्हणाल्या. "मी गाडीत होते. उतार लागला, त्याने पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि इंजिन गुदमरल्यासारखं झालं. दोन आचके देऊन बंद. लखन ओरडला, 'ताई, ब्रेक दगड झाला!' त्याने कठड्यावर घातली नसती तर आम्ही वळणावरून सरळ खाली गेलो असतो."

"आचके देताना धूर आला?"

"मागे काळा ढग होता नुसता. मला वाटलं आग लागली."

मालतीने मान हलवली. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत थांबते आणि दोनतीनदा दाबल्यावर पेडल घट्ट होतं, यात ड्रायव्हरचा दोष नाही. काळा धूर आणि काळे प्लग म्हणजे इंजिनात पेट्रोल कमी नाही, भलतंच जास्त जात होतं. चोरीच्या बरोबर उलट.

"ताई, तुमच्याकडे केस वाळवायचा ड्रायर आहे?"

अलकाताई बघतच राहिल्या. "आहे. पण आत्ता?"

"मला नको. तुमच्या गाडीला हवाय."

यार्डात परत येऊन मालतीने बॉनेट उघडलं. पुढचा बंपर, दिवा आणि मडगार्ड गेलं होतं. रेडिएटर वाचला होता, म्हणून इंजिन चालवता येत होतं. तिने ते चालू केलं. पहिली काही मिनिटं ते मांजरासारखं गुरगुरत राहिलं. मग गरम झालं, थरथरलं, सायलेन्सरमधून काळा धूर आला आणि बंद पडलं.

"हे पाहा," तिने कर्णिकांना जवळ बोलावलं. "ही तुमची नव्या पद्धतीची गाडी. हिला कार्ब्युरेटर नाही. इंजिन ज्या नळकांड्यातून हवा ओढतं, त्यातला दाब हा छोटा सेन्सर मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. याने चुकीचा दाब सांगितला तर कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल ओतत सुटतो."

"हा चुकीचा सांगतोय?"

"बघू या."

तिने इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. आधी वायर हलवून पाहिल्या, सेन्सरकडे जाणारी रबरी नळी कुठे चिरली आहे का ते तपासलं. मग नळी काढून तिथे हाताचा पंप लावला आणि हवा ओढली. पंपावरचा काटा एका जागी स्थिर राहिला. सेन्सरच्या वायरला मीटर जोडला. आकडा बरोबर होता.

मग तिने वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून ड्रायर लावला आणि गरम हवा फक्त सेन्सरवर सोडली.

पंपाचा काटा जागचा हलला नाही. मीटरवरचा आकडा मात्र चढायला लागला. चढत गेला आणि पार वर जाऊन थांबला.

"दाब तोच आहे," मालती म्हणाली, "पण हा तापला की काहीच्या काही सांगतो. गार असताना शहाणा. म्हणून तुमच्या मेकॅनिकला सापडला नाही."

कर्णिकांचा चेहरा थोडा उतरला. "म्हणजे कंपनीतूनच खराब पार्ट आला?"

मालतीने दोन स्क्रू काढून सेन्सर हातात घेतला. स्क्रूंच्या खाचा चकचकीत घासलेल्या होत्या. सगळ्या इंजिनावर राखोलीच्या रस्त्याची लाल धूळ बसली होती, पण सेन्सर जिथे टेकला होता तिथे धूळ पुसून गेली होती. तिने सेन्सर उलटा केला आणि भिंग काढलं. मग जाऊन गाडीच्या दाराजवळची पट्टी वाचली.

"गाडी कधी घेतलीत?"

"गेल्या वर्षी, दसऱ्याला. नवी कोरी. आजवर एक पार्ट बदललेला नाही."

"गाडी बनली सप्टेंबर अठ्ठ्याण्णवमध्ये," मालती म्हणाली. "आणि या सेन्सरवर शिक्का आहे फेब्रुवारी नव्व्याण्णवचा. गाडी रस्त्यावर आली तेव्हा हा सेन्सर अजून बनलाच नव्हता."

कर्णिकांचा आवाज चढला.

"मग सरळ आहे! लखनने माझा चांगला पार्ट काढून विकला आणि भंगारातला बसवला. पेट्रोल नसेल चोरलं, पार्ट चोरला!"

मालतीने सेन्सर पेटीत ठेवला. तिने लखनला सोडवायला म्हणून पेटी उघडली होती, आणि दोर आणखी घट्ट बसला होता.

३

कारखान्यामागच्या चाळीत लखनची एक खोली होती. तो दाराशी बसला होता. त्याची बायको कोंडाबाई आत भाकऱ्या थापत होती. बाहेर सार्वजनिक नळावर बायकांची रांग होती, पण कोंडाबाईचा हंडा रांगेत नव्हता.

"ही त्या नळावर गेली की बाया गप्प होतात," लखन म्हणाला. "बठ्ठ्या, साऱ्या चाळीला ठाऊक झालं ना, लखन चोर हाये म्हणून. मॅडम, नंदुरबारहून इथे आलो तवापासून कोणाचा खिळा उचलला नही मी."

"शनिवारी गाडी कुठे होती?"

"रमाकांतशेठच्या गॅरेजला. ऑइल बदलायला. सोमवारी न्यायची होती. पण रविवारी सकाळी ताई म्हणाल्या, खानवेलला जायचंय, घेऊन ये. गेलो तर शेठ नव्हते, डहाणूला लग्नाला गेलेले. गाड्या धुणारा होता. ऑइल बदलून झालंय म्हणाला, किल्ली खिळ्यावरची दिली."

"गॅरेजमध्ये आणखी कोणाची गाडी होती?"

"रविवारी कोणाचीच नही."

मालती उठायच्या बेतात होती, तेवढ्यात आतून कोंडाबाई म्हणाली, "बाईला वर्तक साहेबांचं सांगा की."

"हां," लखनचा चेहरा उजळला. "सगळे तोंड फिरवून बसले, पण वर्तक साहेब स्वतः आले इथे. म्हणाले, वापीला माझा चुलतभाऊ आहे, त्याच्याकडे ड्रायव्हरची जागा आहे, उद्यापासून जा. मोठ्या साहेबांशी भांडू नको, काही विचारू नको, निघून जा. देवमाणूस हाये."

"सारंग वर्तक? ज्यांनी टाकीचा वास घेतला?"

"कसला वास?"

लखनला ते माहीत नव्हतं. मालतीने त्याला सांगितलं नाही. कायनेटिक चालू करता करता ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. ज्या माणसाने लखनला भेसळ करणारा ठरवलं, त्यानेच त्याला आपल्या चुलतभावाच्या गाडीवर का बसवावं?

४

रमाकांत चुरीचं गॅरेज सिल्वासाच्या बाजारामागे होतं. डहाणूकडचा हा माणूस वीस वर्षं इथे राहून अर्धा गुजराती बोलायला लागला होता. मालतीला पाहून त्याने स्वतः खुर्ची पुसली.

"बोला बेन, चहा की सोडा?"

"काही नको. कर्णिकांच्या गाडीबद्दल आले. त्यातला एक पार्ट खराब निघाला."

"अरे बापरे. असा नाजूक पार्ट इथे मिळतोच नाही," रमाकांत हात पुसत म्हणाला. "वापीत पण नाही. मुंबईला ऑर्डर टाकली तरी महिना जातो. आता इंजिनाच्या गरमीत सेन्सर जाणार नाही तर काय?"

मालतीने त्याच्याकडे पाहिलं.

"मी सेन्सर म्हणाले नव्हते," ती म्हणाली.

रमाकांतचे हात थांबले. मग ते पुन्हा चालू झाले, जरा जास्तच वेगाने. "बेन, अंदाज. अनुभव आहे."

"मुंबईला ऑर्डर कोणासाठी टाकली होती?"

"गिऱ्हाइकाचं नाव कसं सांगू? धंदा आहे."

"लखनवर पोलीस केस होणार आहे, माहीत आहे?"

त्याने मान खाली घातली. पण तोंड उघडलं नाही. मालतीने त्याला जास्त छळलं नाही. घाबरलेला माणूस आहे, हे तिला दिसत होतं. पण तो स्वतःसाठी घाबरलाय की दुसऱ्या कोणासाठी, ते कळत नव्हतं.

५

कंपनीच्या अधिकाऱ्यांची वसाहत सामरवरणीला होती. वर्तकांचं घर शोधावं लागलं नाही. दाराशी बाळाची दुपटी वाळत होती.

सारंग कामावर गेला होता. त्याची बायको मानसी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. अपघाताच्याच दिवशी पहाटे, वापीच्या हॉस्पिटलात, तिला मुलगी झाली होती. अपघाताची चौकशी करायला आलेली बाई आपल्याकडे का आली, हा प्रश्न तिला पडला नाही. बोलायला कोणीतरी आलं याचाच तिला आनंद होता.

मालतीने बाळाचं कौतुक केलं. मग खिडकीतून बाहेर पाहत सहज विचारलं, "तिथे भिंतीवर काळं काय झालंय हो?"

घरासमोर गाडी उभी करायची जागा होती. मागची भिंत नुकतीच पांढरी रंगवलेली, आणि तिच्यावर गुडघ्याच्या उंचीवर काजळीचा मोठा डाग.

"आमच्या गाडीचा प्रताप," मानसी हसली. "सारंगने कर्णिक साहेबांची बघून तश्शीच घेतली, फक्त मरून रंगाची. दिवाळीपर्यंत ठीक होती. मग काय झालं कोण जाणे, गरम झाली की धूर ओकायची आणि मध्येच बंद. मला तर धास्ती बसली होती, की नेमक्या वेळी बंद पडली म्हणजे?"

"पडली का?"

"नाही ना! शनिवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या, सारंग गॅरेजमधून गाडी घेऊन आला, आणि वापीपर्यंत कशी पळाली म्हणून सांगू. तेव्हापासून अगदी शहाण्यासारखी चालतेय. मी म्हणते, लेकीचा पायगुण."

मालतीने बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं. बाळाने ते घट्ट धरलं. ते सोडवून घेताना तिला पहिल्यांदाच या कामाचा कंटाळा आला.

६

दुपारी यार्डात चौघं उभे होते. कर्णिक, सारंग, रमाकांत आणि थोडा दूर लखन. मालतीनेच सगळ्यांना बोलावलं होतं. पांढऱ्या गाडीशेजारी सारंगची मरून गाडी होती.

सारंग पस्तिशीचा, नीटनेटका, मऊ बोलणारा. त्याच्या डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं होती.

"मला एवढंच शोधायचं होतं, की फेब्रुवारीतला सेन्सर आला कुठून," मालती म्हणाली. "दुकानात तो मिळत नाही. म्हणजे दुसऱ्या गाडीतून आला. सिल्वासात अशी दुसरी एकच गाडी आहे. ती काळा धूर सोडायची, भिंतीवर खूण आहे. शनिवारी संध्याकाळी ती एकाएकी बरी झाली. आणि रविवारी सकाळी तोच आजार साहेबांच्या गाडीला जडला. शनिवारी दोन्ही गाड्या एकाच गॅरेजमध्ये होत्या."

"हा नुसता तर्क झाला," सारंग हळू आवाजात म्हणाला.

"बरोबर. म्हणून तुमचं बॉनेट उघडायची परवानगी हवी. तुमची गाडी यंदाच्या मार्चमध्ये बनली आहे, दारावर लिहिलंय. पण माझ्या हिशेबाने तिच्यातल्या सेन्सरवर गेल्या वर्षीचा शिक्का असेल. सप्टेंबरच्या आधीचा. नसला तर मी तुमची आणि साहेबांची माफी मागेन."

सारंगने किल्ली दिली नाही. कर्णिकांनीच पुढे होऊन हात केला, तेव्हा त्याने ती दिली.

स्क्रू निघाले. मालतीने सेन्सर न बघता कर्णिकांच्या हातात ठेवला, वर भिंग दिलं.

"ऑगस्ट," कर्णिक वाचून म्हणाले. "अठ्ठ्याण्णव." मग वर पाहिलं. "सारंग?"

बोलला तो रमाकांत. "साहेब, मारी भूल, चूक माझीच. सेन्सरच गेलाय की दुसरं काही, हे बघायला तुमच्या गाडीतला काढून यांच्या गाडीत लावला. ट्रायल. आम्ही असंच शोधतो. गाडी लगेच सुधारली. परत बदलणार, तेवढ्यात यांच्या घरून फोन आला."

"मानसीला कळा सुरू झाल्या होत्या," सारंग म्हणाला. "मीच रमाकांतला म्हटलं, राहू दे आजची रात्र. खराब सेन्सर साहेबांच्या गाडीत बसवून ठेव, सोमवारी सकाळी अदलाबदल करू. गाडी सोमवारपर्यंत गॅरेजमध्येच राहणार होती. रविवारी कोणी नेईल असं वाटलं नाही."

"आणि अपघात झाल्यावर?" कर्णिकांनी विचारलं.

"गाडी तुम्ही यार्डात बंद करून ठेवलीत. हात लावता येईना. सोमवारी आलो तर तुम्ही चिडलेले. वहिनींचा हात मोडलेला. तोंडातून खरं निघालं नाही, रॉकेल निघालं. एकदा निघाल्यावर..." त्याने लखनकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "वाटलं, याला दुसरीकडे चांगली नोकरी लावून दिली की झालं. कोणाचंच नुकसान नाही."

"तिथेच मला शंका आली," मालती म्हणाली. "ज्याला तुम्ही खरंच लबाड समजता, त्याच्या हातात भावाची गाडी देत नाही. तो निर्दोष आहे याची तुम्हाला पहिल्यापासून खात्री होती."

तिने पेटीतला पहिला सेन्सरही कर्णिकांना दिला. कर्णिकांनी दोन्ही सेन्सर तळहातावर धरले होते. दिसायला सारखेच होते.

"लखन," शेवटी ते म्हणाले, "उद्यापासून कामावर ये."

लखन जागचा हलला नाही.

"येईन साहेब. पण कामावरून काढलं ते इथे, आणि चोर झालो ते चाळीत. माझी बायको नळावर जात नही. तिला कोणीतरी सांगा."

"तू सांग ना. आता सगळं स्पष्ट झालंय."

"मी सांगून उपयोग नही. मी तर पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय."

७

संध्याकाळी पाण्याची वेळ होती. नळावर सगळी चाळ जमलेली. कर्णिक साहेबांची आणि वर्तक साहेबांची जोडी चालत येताना दिसली तशा बायका हंडे घेऊन बाजूला झाल्या. मालतीला थांबायचं कारण नव्हतं, अहवाल लिहून झाला होता. तरी ती थांबली.

कोंडाबाई दारात आली. सारंग तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. सेन्सर, गॅरेज, रॉकेलची थाप, सगळं. काही लपवलं नाही. हात जोडायला गेला, पण ते त्याला नीट जमलं नाही.

कोंडाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बायको नीट हाये?" तिने विचारलं.

"हो."

"अन् लेकरू?"

"मुलगी आहे. छान आहे."

"मग ते बरं झालं," कोंडाबाई म्हणाली. "साहेब, आमचा माणूस शनिवारी इथेच होता. नुसता बसलेला. एक हाक मारली असती, तर त्याने कोणाचीही गाडी मागून आणली असती, अन् तुमच्या बाईला हातावर झेलत वापीला नेलं असतं. तुम्ही हाक मारली नही. वर त्यालाच चोर केलं."

सारंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही.

कर्णिक बाजूला उभे होते. आपण फक्त सोबत आलो आहोत, असा त्यांचा समज होता. पण कोंडाबाईची नजर आता त्यांच्याकडे वळली होती, आणि तिच्यामागे लखनची, आणि नळावरच्या सगळ्यांची. सारंग खोटं बोलला खरं, पण ते न तपासता एका दिवसात निकाल देणारे तेच होते.

"माझं चुकलं, लखन," ते हळूच म्हणाले. "मी विचारायला हवं होतं. तू चोर नाहीस."

नळाच्या टोकाला उभी असलेली एक म्हातारी पुढे वाकली.

"काय म्हणाले? इकडे ऐकू नही आलं."

कर्णिक साहेबांनी घसा साफ केला, रांगेकडे तोंड केलं आणि सगळं पुन्हा, मोठ्याने सांगितलं.